निकाल लागला, पण आपल्याला कळला कधी?

(महिला वकील आणि कायदा-सल्ला केंद्रांतील कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला आज बोलायला सांगितलं आहे ते संगणकावर. म्हणजे वकिलीत अद्ययावत राहण्यासाठी इंटरनेटवरच्या ‘फीड’चा वापर कसा करायचा, यावर. विषय ऐकून माझ्या घरचेच हसले, कारण गॅस सिलिंडरचं बुकिंगसुद्धा कालपरवापर्यंत मी मुलीकडून करून घेत होते. तेव्हा तंत्रज्ञ म्हणून मी इथे उभी नाही. माझ्या हातून एक चूक झाली, त्या चुकीची किंमत दुसऱ्या एका बाईने मोजली आणि त्यानंतर मला हे शिकावं लागलं, म्हणून उभी आहे. आधी तीच गोष्ट सांगते.

माझी एक अशील होती. नाव सांगत नाही. लग्नाला अकरा वर्षं, दोन मुलं, नवऱ्याने घराबाहेर काढलेली. मार्च २०१९ मध्ये आम्ही तालुक्याच्या कोर्टात कलम १२५ खाली पोटगीचा अर्ज केला. नवरा म्हणाला, मला कामधंदा नाही. त्याच्याकडे वडापची जीप होती, भावाच्या नावावर. सगळ्या गावाला माहीत होतं, पण कागदावर काही नव्हतं. तारखा पडत गेल्या, मग टाळेबंदी आली, कोर्ट बंद झालं, अर्धवट उघडलं. अखेर फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला. तिला आणि मुलांना मिळून दरमहा साडेतीन हजार रुपये. आदेशाच्या तारखेपासून.

‘आदेशाच्या तारखेपासून’ या दोन शब्दांकडे लक्ष द्या. अर्जाच्या तारखेपासून पोटगी मिळाली असती तर मधल्या तेवीस महिन्यांचे ८०,५०० रुपये तिला मिळायला हवे होते. मी युक्तिवादात अर्जाच्या तारखेपासून द्या असं म्हटलं होतं, नाही असं नाही. समोरच्या वकिलांनी म्हटलं, खास कारण दाखवल्याशिवाय तसं देता येत नाही, हा न्यायालयाचा स्वेच्छाधिकार आहे. माझ्या हातात त्यावर द्यायला काही नव्हतं. साहेबांनी त्यांचं ऐकलं. आणि मला तेव्हा काय वाटलं माहितीये? बरं झालं, काहीतरी तरी मिळालं. तीही पाया पडून गेली.

आता दुसरी बाजू ऐका. ४ नोव्हेंबर २०२० रोजी, म्हणजे आमचा निकाल लागण्याआधी तीन महिने, सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात निकाल दिला होता. न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांच्या पीठाचा. त्यात स्वच्छ लिहिलं आहे की पोटगी सर्व प्रकरणांत अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून द्यायची. शिवाय दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, बँकखाती, जमीन, वाहनं, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात भरून द्यायचं, आणि हे आधीच चालू असलेल्या प्रकरणांनाही लागू. म्हणजे माझ्या अशिलाला हवं होतं ते सगळं त्या एका निकालात होतं. जीपचा प्रश्नसुद्धा त्या प्रतिज्ञापत्रात निघाला असता. निकाल दिल्लीत होता, इंटरनेटवर फुकट होता. मला ठाऊक नव्हता.

का ठाऊक नव्हता? हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला. पहिलं उत्तर आलं ते नेहमीचं, आपण बायका स्वतःला देतो ते: माझाच आळस, माझंच दुर्लक्ष. त्यात खरं आहेच, मी ते झटकत नाही. पण तेवढंच नाही.

मी सनद घेतली १९९१ मध्ये. तेव्हा नवा निकाल वकिलापर्यंत कसा पोहोचायचा? ऑल इंडिया रिपोर्टर, महाराष्ट्र लॉ जर्नल, बॉम्बे केसेस रिपोर्टर यांचे अंक यायचे. वर्गणी परवडणारे तालुक्यात दोघे-तिघे ज्येष्ठ. बाकीच्यांसाठी बार रूममधलं कपाट, आणि त्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असायची ते दुपारी जेवायला घरी जायचे. अंक हातात पडेपर्यंत निकालाला दोन-चार महिने उलटलेले असायचे. पण खरी गंमत पुढे आहे. बहुतेक वकील अंक वाचायचेच नाहीत. निकाल कळायचा तो चहाच्या टपरीवर. “अरे, तो अमुक निकाल पाहिलास का? तुझ्या त्या मॅटरला लागू पडतो बघ.” संध्याकाळी सहानंतर बार रूममध्ये पत्ते पडायचे, गप्पा व्हायच्या, त्यात हे सगळं फिरायचं. कायद्याचं ज्ञान म्हणजे पुस्तकातलं ज्ञान असं आपण मानतो, पण जिल्ह्या-तालुक्यात ते तोंडी परंपरेनेच चालत आलेलं आहे. आणि त्या परंपरेत मी नव्हते. आमच्या बार रूममध्ये बसायला बायकांना वेगळी जागा नव्हती, मी बाहेरच्या बाकावर अशिलांबरोबर बसायचे. साडेपाचची एसटी पकडायची, मुलीला पाळणाघरातून घ्यायचं, कणीक मळायची. टपरीवर उभं राहून चहा प्यायले असते तर दुसऱ्या दिवशी निकालाऐवजी माझीच चर्चा झाली असती.

रजनेश-नेहा निकाल आमच्या बारमध्ये दोघाचौघांना तेव्हा माहीत होता, असं मला मागाहून कळलं. कुणी माझ्यापासून लपवला असं मी म्हणत नाही. सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, इतकंच. जी बाई गप्पांत नाही तिच्यापर्यंत बातमी जात नाही.

मला तो सांगितला जुलै २०२१ मध्ये माझ्याकडे कधीकाळी ज्युनिअर असलेल्या मुलीने. ती आता दुसऱ्या शहरात प्रॅक्टिस करते. फोनवर सहज बोलताना मी त्या केसबद्दल बोलले, तर ती म्हणाली, “मॅडम, रिव्हिजन नाही का केलं? रजनेश आहे ना!” मी म्हटलं, कोण रजनेश? ती क्षणभर गप्प झाली. मग तिने निकाल पाठवला. वाचला आणि जेवण गेलं नाही. रिव्हिजनची मुदत नव्वद दिवसांची, ती मे महिन्यातच संपली होती. मी तिला तसं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, “नाही संपली. करोनामुळे सर्वोच्च न्यायालयाने मुदती थांबवल्यात. मार्चमध्ये ती सवलत बंद केली होती, पण २७ एप्रिलच्या आदेशाने पुन्हा सुरू झाली.” हेही मला नीटसं माहीत नव्हतं. मला मार्चपर्यंतचं माहीत होतं.

मी विचारलं, तुला हे सगळं कोण सांगतं गं? मला वाटलं तिथे मोठ्या शहरात मोठं बार असेल, चांगले सीनिअर असतील. ती म्हणाली, कुणी नाही, मी फीड वाचते.

तर आता फीड. इंग्रजीत त्याचं सर्वांत प्रचलित नाव आहे आर.एस.एस. दचकू नका, नागपूरशी संबंध नाही! ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’, असा त्याचा विस्तार करतात. कल्पना खरोखरच साधी आहे. आपल्या कोर्टात सूचना फलक असतो ना, तसा प्रत्येक संकेतस्थळाचा एक फलक समजा. तुम्हाला दहा ठिकाणांचे फलक पाहायचे आहेत. रोज दहा ठिकाणी जाऊन, काल काय होतं आणि आज नवीन काय लागलं हे शोधणं कोणाला जमणार? समजा तुम्ही एक शिपाई नेमला. तो दर तासाला दहाही फलकांपाशी जातो, फक्त नवीन ओळी एका वहीत उतरवतो आणि वही तुमच्या टेबलावर आणून ठेवतो. ओळीत एवढंच: मथळा, तारीख, मूळ कागद कुठे आहे त्याचा पत्ता, जमल्यास दोन वाक्यांचा सारांश. हा शिपाई म्हणजे ‘फीड रीडर’ नावाचा प्रोग्रॅम. मोबाईलवर, संगणकावर कुठेही चालतो. फीडली, इनोरीडर अशी त्यांतली काही नावं, मोफतही मिळतात. आणि संकेतस्थळाने आपल्या फलकाची जी साधी, यंत्राला वाचता येईल अशी यादी ठेवलेली असते, तिला फीड म्हणायचं. तुम्ही त्या यादीचा पत्ता शिपायाला एकदा द्यायचा. काम झालं.

यात दोन गोष्टी मला बाई म्हणून फार महत्त्वाच्या वाटतात. एक, तुम्ही काय वाचता हे कळण्यासाठी त्या संकेतस्थळाला तुमचं नाव, फोन, ईमेल काहीही द्यावं लागत नाही. शिपाई तुमचा आहे, त्यांचा नाही. दुसरी, वहीत काय यावं हे तुम्ही ठरवता, आणि जे आलं ते सगळं येतं, तारखेच्या क्रमाने. फेसबुकवर किंवा यूट्यूबवर काय दिसावं हे कंपनी ठरवते. मी तिथे ‘पोटगी’ असा शब्द शोधला तर आठवडाभर मला ‘खोट्या केसेसपासून पुरुषांनी कसं वाचावं’ याचे व्हिडिओ दिसत होते! फीडमध्ये असलं काही नाही. तिथे कुणी मध्ये बसून निवड करत नाही.

याचा इतिहासही थोडा सांगते, कारण त्यात आपल्या धंद्याचा संबंध आहे. पहिली आवृत्ती नेटस्केप कंपनीने मार्च १९९९ मध्ये काढली. पुढे त्यात वेगवेगळ्या लोकांनी भर घातली, भांडणंही केली. डिसेंबर २००० मध्ये जी आवृत्ती आली तिच्या रचनाकारांत अ‍ॅरन स्वार्ट्झ नावाचा एक मुलगा होता, वय वर्षं चौदा. हाच अ‍ॅरन पुढे २००८ मध्ये अमेरिकेतल्या केंद्रीय न्यायालयांच्या कागदपत्रांच्या मागे लागला. तिथे कोर्टाचा कागद ऑनलाइन पाहायला पानामागे आठ सेंट मोजावे लागत. त्याचं म्हणणं, कोर्टाचे कागद जनतेचे आहेत, त्यांना पैसे कसले? काही ग्रंथालयांत तेव्हा प्रयोग म्हणून ते मोफत ठेवले होते, तिथून त्याने सुमारे २७ लाख कागद उतरवून घेतले. एफबीआयने चौकशी केली, पण त्यात गुन्हा निघाला नाही. पुढे विद्वानांचे लेख उतरवून घेतल्याबद्दल मात्र त्याच्यावर खटला भरला गेला, आणि जानेवारी २०१३ मध्ये, खटला चालू असताना, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. मी फीड उघडते तेव्हा कधी कधी त्या पोराची आठवण येते.

त्याच वर्षी, १ जुलै २०१३ ला, गूगलने आपला ‘रीडर’ बंद केला. २००५ पासून चालू होता, जगभरचे लोक तोच वापरत. तो बंद झाल्यावर फीड संपली असं म्हणणारे पुष्कळ निघाले. संपली नाही, कारण फीडची पद्धत कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. एक शिपाई गेला, दुसरा ठेवला. तुमच्या मुली कानात घालून जे पॉडकास्ट ऐकतात तेही याच पद्धतीवर चालतात.

आपल्याकडे काय मिळतं ते पाहू. ‘इंडियन कानून’ तुम्हाला माहीत असेल. सुशांत सिन्हा या संगणक अभियंत्याने २००८ मध्ये अमेरिकेत शिकत असताना सुरू केलेलं. तिथे निकाल मोफत शोधता येतात आणि न्यायालयवार फीडही आहे. सर्वोच्च न्यायालय आणि मुंबई उच्च न्यायालय या दोन फीड मी पहिल्या जोडल्या. पण एक इशारा देते, उच्च न्यायालयाच्या फीडमध्ये रोज ढीग येतो आणि मथळ्यात फक्त पक्षकारांची नावं असतात. नावावरून विषय कळत नाही. म्हणून मी ती आता तारीख पाहण्यापुरती ठेवली आहे. त्याहून उपयोगी पडतात कायद्याच्या बातम्या देणारी नियतकालिकं आणि प्रकाशकांचे ब्लॉग. एस.सी.सी. ऑनलाइनच्या ब्लॉगसारख्या ठिकाणी निकालाचा सारांश येतो, त्यावरून मूळ निकाल वाचायचा की नाही हे ठरवता येतं. सरकारी घोषणांसाठी पत्र सूचना कार्यालयाची फीड आहे. बऱ्याच सरकारी संकेतस्थळांना मात्र फीड नाही, तिथे अजून आपणच फलकापाशी जायचं.

ज्यांना फीड नाही त्यांच्यासाठी एक युक्ती. गूगल अलर्टमध्ये तुम्ही शब्द देऊन ठेवता, आणि त्या शब्दांची नवी बातमी आली की ते कळवतं. ते ईमेलऐवजी फीडमध्ये पाठव असं तिथे निवडता येतं. मी शब्द दिले आहेत ते असे: पोटगी, कौटुंबिक हिंसाचार कायदा, सामायिक घर, हक्कसोडपत्र. मराठीत वेगळे, इंग्रजीत वेगळे.

इथे एक खड्डा आहे, मी त्यात पडले आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं. ४९८-अ भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ मध्ये गेलं. माझे सगळे शब्द जुन्या आकड्यांचे. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की ४९८-अ च्या बातम्या येतात पण त्या जुन्या गुन्ह्यांच्या, नव्यांच्या येतच नाहीत. म्हणजे फीडला दोष नाही, मी शिपायाला जुना पत्ता देऊन ठेवला होता. तेव्हा दोन्ही आकडे द्या. जुनी प्रकरणं अजून कित्येक वर्षं जुन्याच आकड्यांनी चालणार आहेत.

आता वेळेचं. ‘यामुळे वकिलाची कार्यक्षमता वाढते’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी पहिल्या उत्साहात साठ-सत्तर फीड जोडल्या. आठवड्याने उघडलं तर ‘न वाचलेले: १,२००’. छातीत धस्स झालं. आपल्याला आधीच न धुतलेली भांडी, न केलेले फोन, न भेटलेले नातेवाईक यांची यादी कमी आहे का, की त्यात ही भर! मग मी कठोरपणे कापत कापत चौदावर आणल्या. सकाळी वीस मिनिटं. पहिल्या पाच मिनिटांत फक्त मथळे. शंभरातले नव्वद तिथेच जातात. न वाचता ‘सगळे वाचले’ असं बटण दाबायला शिका, त्यात पाप नाही. उरलेल्या दहांतले दोन-तीन खरोखर उघडायचे, आणि त्यातला एखादाच निकाल छापून फायलीला लावायचा. कोणत्या फायलीला ते त्याच वेळी ठरवायचं. मी डायरीत पुढच्या तारखेखाली लिहून टाकते. ‘नंतर वाचू’ म्हणून बाजूला ठेवलेलं माझ्याकडून तरी कधी वाचून झालेलं नाही.

आणि ही वीस मिनिटं कुठून आणायची? आमच्या बारमधले एक वकीलसाहेब मला म्हणाले, “मी तर सकाळी चहा घेता घेताच वाचतो.” मी विचारलं, चहा करतं कोण? ते हसले, मला काही हसू आलं नाही. माझी वीस मिनिटं सासूबाईंनी मला दिली, हे मी इथे जाहीर सांगते. त्यांनी एक दिवस पाहिलं की मी पोळ्या लाटताना मोबाईल कणकेच्या हाताने सरकवते आहे. काय पाहतेस, विचारलं. मी त्या पोटगीच्या बाईची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवसापासून सात ते सव्वासात-साडेसात त्या स्वयंपाकघरात मला येऊ देत नाहीत. पण प्रत्येकीकडे अशा सासूबाई नसतात, आणि त्या नसल्या म्हणून कुणाच्या अशिलाने ८० हजार गमवावेत असंही नाही. याचं उत्तर आपल्याला एकत्र मिळून काढावं लागेल, त्याबद्दल शेवटी बोलते.

एक महत्त्वाचं राहिलं. फीड बातमी आणते, निकाल वाचून दाखवत नाही. एकच उदाहरण देते. २७ जुलै २०१७ रोजी राजेश शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ४९८-अ च्या तक्रारी आधी जिल्ह्याजिल्ह्यातल्या कुटुंब कल्याण समित्यांकडे पाठवायच्या आणि समितीचा अहवाल येईपर्यंत साधारणपणे अटक करायची नाही. बायकांच्या संघटनांनी ओरड केली. १४ सप्टेंबर २०१८ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या समित्यांचा भाग रद्द केला. पण त्यानंतरही पोलीस ठाण्यात बाईला ‘समितीकडे जा’ म्हणून परत पाठवल्याचं मी ऐकलं आहे, कारण पहिली बातमी सगळ्यांपर्यंत पोहोचली होती आणि दुसरी नाही. गोष्ट इथे संपत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तशाच समित्या आणि दोन महिन्यांचा थांबण्याचा काळ सांगणाऱ्या सूचना काढल्या, आणि २२ जुलै २०२५ रोजी शिवांगी बन्सल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या सूचना लागू राहतील असं म्हटलं. आठ वर्षांत तीन वळणं. यांतल्या कुठल्या तरी एकाच दिवशीचा मथळा ज्याने वाचला आहे, तो वकील न वाचणाऱ्यापेक्षा जास्त धोकादायक. तेव्हा मथळ्यावरून युक्तिवाद करू नका. मूळ निकाल उघडा, कोणत्या पीठाचा, किती न्यायमूर्तींचा, पुढे कुणी फिरवला का, हे पाहा.

मुलींच्या वारसाहक्काचंही तसंच. ऑक्टोबर २०१५ मध्ये फुलवती, फेब्रुवारी २०१८ मध्ये दानम्मा, ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा. वडील २००५ च्या आधी वारले असतील तर मुलगी सहदायाद नाही, असं २०१५ मध्ये सांगितलेलं २०२० मध्ये पुसलं गेलं. याचा अर्थ काय होतो ते जमिनीत सांगते. आठ एकर वडिलोपार्जित जमीन, कधी वाटणी झालेली नाही. वडील २००२ मध्ये वारले, मागे आई, दोन भाऊ, एक बहीण. जुन्या हिशेबाने बहिणीचा सोळावा हिस्सा, म्हणजे वीस गुंठे. नव्या हिशेबाने चौथा, म्हणजे दोन एकर. हा हिशेब माहीत नसलेल्या वकिलाने तिला ‘वीस गुंठ्यांसाठी भावाशी कशाला वाईट होतेस, हक्कसोड करून टाक’ असं सांगितलं, तर ती सही करून, साडीचोळी घेऊन घरी जाते. नोंदलेलं हक्कसोडपत्र पुन्हा उलटवणं किती अवघड असतं हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

अलीकडे काही तरुण वकील म्हणतात, मॅडम, फीड कशाला, यंत्रालाच विचारायचं, ए.आय. सगळं सांगतं. सांगतं खरं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी त्याला विचारून निकालांचे दाखले कोर्टात दिले, ते निकाल अस्तित्वातच नव्हते. पाच हजार डॉलर दंड झाला. माझा शिपाई एवढा हुशार नाही. तो फलकावर नसलेलं काही लिहून आणत नाही.

त्या बाईचं काय झालं हे सांगायचं राहिलंच. ऑगस्ट २०२१ मध्ये आम्ही सत्र न्यायालयात रिव्हिजन केलं. सोबत रजनेश-नेहाची प्रत आणि मुदतीसंबंधीचा २७ एप्रिलचा आदेश. दुसऱ्या वर्षी निकाल आमच्या बाजूने झाला, पोटगी अर्जाच्या तारखेपासून. ८०,५०० पैकी साठ हजार हप्त्याहप्त्याने आले. उरलेल्यासाठी वसुलीचा अर्ज करावा लागला, आणि त्याला एका वर्षाची मुदत असते, हे या वेळी मी विसरले नाही. मी तिला सगळं सांगितलं होतं, माझी चूकसुद्धा. ती म्हणाली, “ताई, तुम्हाला कळलं नाही तर आम्हाला कुठून कळणार?” त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तिनेच पुढे मला विचारलं, “तुमच्या त्या मोबाईलमधे माझ्या तारखेची बातमी पण येते का?” येत नाही, पण तिची तारीख तिला स्वतःला पाहता येते. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-आकड्यांचा सी.एन.आर. क्रमांक असतो, ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख दिसते. आपण अशिलांना हा क्रमांक का सांगत नाही? मी विचार केला तर उत्तर फारसं बरं नव्हतं. तारीख फक्त वकिलाला माहीत असली की अशील वकिलाकडे येत राहतो. आता माझ्या ऑफिसात प्रत्येकीच्या फायलीच्या कव्हरवर तो मोठ्या अक्षरात लिहून तिला देते. आणि सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल मराठीत भाषांतर होऊन येतात. भाषा कोर्टाचीच आहे, वाचताना दम लागतो, पण कार्यकर्त्यांनी उघडून पाहायला हरकत नाही.

आता ते एकत्र करायचं काम. आपल्यापैकी प्रत्येकीने चौदा फीड वाचायची गरज नाही. आम्ही पाच जणींनी वाटून घेतलं आहे. एकीकडे पोटगी, एकीकडे मालमत्ता, एकीकडे हिंसाचाराचा कायदा, एकीकडे कामाच्या ठिकाणचा छळ, आणि एकजण नुसत्या सरकारी अधिसूचना पाहते. ती सगळ्यांत कंटाळवाणी बाजू आहे, म्हणून दर तीन महिन्यांनी ती बदलतो. शुक्रवारी प्रत्येकीने मराठीत तीन ओळी लिहायच्या: काय ठरलं, कुणी ठरवलं, आपल्या कोणत्या बाईला लागू पडेल. सोबत मूळ निकालाचा पत्ता असलाच पाहिजे, नसेल तर तो संदेश पुढे पाठवायचा नाही, हा नियम. मध्यंतरी एकीने पत्ता न देता ‘सर्व विधवांना आता अमुक हक्क’ असं काहीतरी पाठवलं, ते तीन तालुक्यांत फिरलं आणि निस्तरायला महिना गेला. म्हणून नियम.

मराठवाड्यातून आलेल्या मैत्रिणींनी सकाळी सांगितलं की त्यांच्याकडे रेंजचीच अडचण आहे. त्यांच्यासाठी: फीड रीडर रात्री रेंज असताना उघडून ठेवला तर मथळे उतरून घेतो, मग रेंज नसताना वाचता येतात. काही ॲपमध्ये हे पैसे घेऊन मिळतं, काहींत तसंच, ते बघून घेऊ.

चहानंतर ज्यांनी मोबाईल आणले आहेत त्यांनी डावीकडच्या बाकांवर यावं. आधी दोनच फीड जोडायच्या, जास्त नाही. आणि येताना आपल्या एका चालू प्रकरणाचा कागद घेऊन या, म्हणजे शोधायचे शब्द त्यावरूनच ठरवता येतील. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी शुक्रवारच्या तीन ओळींसाठी नाव-पत्ता लिहून द्या, त्या आम्ही छापून पोस्टाने पाठवतो.